तीन मिनिटांची तबकडी, चार ओळींचा अभिप्राय

१९०२ साली कोलकात्यात फ्रेड गायसबर्ग यांनी गौहरजान यांचे गायन ध्वनिमुद्रित केले. गाणे संपताच त्या स्वतःचे नाव इंग्रजीत पुकारीत. तबकड्या छापण्याचे काम जर्मनीतील हॅनोव्हर येथे होई आणि तेथील कारागिरांना गायिका ओळखता यावी, एवढाच त्यामागील हेतू. पुढे कित्येक वर्षे दहा इंची तबकडीच्या एका बाजूस सुमारे तीन मिनिटेच मिळत. तेवढ्या अवधीत राग उभा करावयाचा, हे बंधन आपल्या गायक-गायिकांनी पत्करले आणि पेललेही.

ऐकणाऱ्याने मात्र हा संयम क्वचितच पाळला. आवडत्या गाण्याविषयी लिहू लागलो, की 'स्वर्गीय', 'अवीट' अशा विशेषणांची रांग लागते. वाचणाऱ्याच्या हाती काहीच उरत नाही. सरकारी कचेरीत आम्ही आयुष्यभर टिपणे लिहिली. कोण, काय, केव्हा आणि आपले मत, इतके चार ओळींत बसले की टिपण पुरे होई. रसग्रहणासही हाच नियम लावता येतो. नमुन्यादाखल आमचे तीन अभिप्राय देतो.

केसरबाई केरकर, भैरवी, 'जात कहाँ हो' : गोव्यातील केरी गावच्या या गायिकेचा भरीव स्वर व दीर्घ दमसास साडेतीन मिनिटांतही कोठे आखडत नाही. १९७७ साली व्हॉयेजर यानांबरोबर गेलेल्या सुवर्ण तबकडीत भारतीय संगीताचा हाच एक नमुना आहे. तिच्यात मराठीतील अभिवादनही आहे.

'संत तुकाराम', प्रभात, १९३६ : दिग्दर्शक दामले व फत्तेलाल. विष्णुपंत पागनीसांचा तुकाराम सर्वांच्या स्मरणात आहे. आम्हांस गौरीबाईंची जिजाई अधिक मोलाची वाटते. नवऱ्यावर चिडणारी आणि त्याच्यासाठी भाकरी घेऊन डोंगर चढणारी ही बाई संतपटाला संसाराच्या मातीवर उभे करते.

अमीर खाँ, मारवा व दरबारी, १९६० : इंदूरच्या या गवयाला दीर्घ तबकडीने प्रशस्त अवकाश दिला. मारव्यात षड्जापासून दूर, रिषभ-धैवतावर रेंगाळत ते श्रोत्याला अस्वस्थ ठेवतात. अखेर षड्ज येतो तेव्हा घरी पोहोचल्यासारखे वाटते.

इंदूर, बडोदे, बेळगाव, हैदराबाद येथील आपल्या जुन्या घरांतून आज तबकड्यांच्या पेट्या जुन्या बाजारात जात आहेत. त्यांतील पुष्कळसे गायन आता इतरत्र ऐकावयास मिळते, म्हणून आवाज हरवल्याचे दुःख फारसे नाही. परंतु आपल्या पणजोबांनी परप्रांतात बिऱ्हाड थाटल्यावर कोणती तबकडी विकत घेतली, आजी कोणते पद पुन्हा पुन्हा लावीत असे आणि का, याची नोंद अन्य कोठेही सापडणार नाही. स्थलांतरित कुटुंबांच्या इतिहासात जमिनीचे कागद व नोकरीचे हुकूम जपले जातात. आवड मात्र माणसाबरोबरच जाते.

म्हणून आमची विनंती इतकीच, की पेटी देण्यापूर्वी प्रत्येक तबकडीमागे चार ओळी लिहाव्यात. गायकाचे नाव, साल, घरातील ऐकणाऱ्याचे नाव आणि गाण्यात नेमके काय आवडले ते. घरातील वडीलधारी माणसे सांगावयास आहेत, तोवरच हे काम होणे शक्य आहे.