कपडेपट

नाटकाला लागणारे पोशाख, ते सांभाळणारी माणसे आणि कपडे ठेवण्याची जागा, या सगळ्यांना मराठी रंगभूमीवर कपडेपट म्हणतात. भरताच्या नाट्यशास्त्राने वेशभूषेला ‘आहार्य’ म्हणून अभिनयाच्या चार प्रकारांत स्थान दिले आहे. मराठी नाटकाने ते कधी मनापासून पाळले, कधी नुसतेच मिरवले.

कोकणच्या दशावतारात सारा संसार पेटाऱ्यात मावतो. गणपतीचा मुखवटा, मुकुट, भरजरी वस्त्रे त्यातच असतात आणि पेटाऱ्याची पूजाही होते. काळ्या वेशातला, लाल जीभ बाहेर काढलेला संकासूर दिसला की तो कोण हे सांगावे लागत नाही. विष्णुदास भावे यांनी १८४३ मध्ये सांगलीत ‘सीतास्वयंवर’ केले, तेव्हा नटांची विभागणीच देवपार्टी, राक्षसपार्टी, स्त्रीपार्टी अशी झाली. वेश हीच पात्राची ओळख होती.

कपडेपटाचा खरा थाट संगीत नाटकाचा, आणि त्याचा कळस म्हणजे स्त्रीभूमिका करणारे बालगंधर्व (१८८८–१९६७). १९१३ मध्ये स्थापन झालेल्या गंधर्व नाटक मंडळीत अस्सल पैठण्या, शालू आणि अत्तरे यांवर हात राखून खर्च होत नसे. कंपनी कर्जात बुडण्यामागे ही हौसही होती. त्यांचे नेसणे, पदर घेणे, केसांत फुले माळणे घरंदाज बायका उचलत. पुरुषाने बायकांना नेसण्याची फॅशन शिकवावी, हा चमत्कार जपानच्या काबुकीतही घडला. तिथे १६२९ मध्ये स्त्रियांना रंगमंचबंदी झाली आणि पुढे स्त्रीवेषधारी ‘ओन्नागाता’ नावारूपाला आले. कृष्णाजी प्रभाकर खाडिलकरांच्या ‘मानापमाना’त (१९११) तर कथानकच वेशावर उभे आहे: श्रीमंत भामिनी गरीब वनमालेच्या वेशात धैर्यधराला भेटते. त्यामुळे या भूमिकेत जरीइतकेच साध्या लुगड्यालाही काम असते.

१९३३ मध्ये नाट्यमन्वंतर संस्थेच्या ‘आंधळ्यांची शाळा’त स्त्रियांच्या भूमिका स्त्रियांनीच केल्या. दिवाणखान्याचे नाटक आले आणि जरीचा जोर ओसरला. चाळीस वर्षांनी ‘घाशीराम कोतवाल’ने (१९७२) एकाच ब्राह्मणी वेशातल्या पुरुषांच्या रांगेतून भिंत, जमाव आणि पडदा उभा केला. पेशवाईवर इतक्या कमी कपड्यांत इतके बोलणारे दुसरे नाटक सापडणे कठीण.

आता बऱ्याच मंडळ्या ऐतिहासिक पोशाख भाड्याने आणतात. पनवेलच्या वासुदेव बळवंत फडके नाट्यगृहासारख्या ठिकाणी दौरा आला की रंगपटात इस्त्री तापते आणि कपडे प्रवेशांच्या क्रमाने अडकवले जातात. झटपट बदलासाठी निऱ्या आणि काष्टा आधीच शिवून ठेवलेली नऊवारी असते. ती नेसायची नाही, चढवायची. जुन्या स्त्रीपार्टीतल्या नटांना हे खचितच रुचले नसते.