खोक्यावरचे आकडे आले कुठून? मॉनिटरचा इतिहास, सालेकसाच्या टेबलापर्यंत

आजचा भाग मॉनिटरवर आहे. म्हणजे "भाऊ, कोणता घेऊ?" या प्रश्नावर. बजेट दहा ते वीस हजार. दिवसा अभ्यास, फॉर्म भरणं, थोडं कोडिंग. संध्याकाळी गेम. रात्री घरच्यांसोबत एखादा सिनेमा.

हा प्रश्न पुण्यातल्या पोरानं विचारला तर उत्तर सोपं आहे. दुकानात जा, चार मॉनिटर शेजारीशेजारी चालू करून बघ. सालेकसातून बघायचं म्हटलं तर आधी गोंदियाची गाडी धरा, आणि तिथं मनासारखं दिसलं नाही तर नागपूर किंवा रायपूर. म्हणून बहुतेक जण मोबाईलवर आकडे वाचूनच ऑर्डर टाकतात. २७ इंच, १८० हर्ट्झ, १ एमएस, एचडीआर. डोळ्यानं बघायची वस्तू आपण आकड्यांवर विश्वास ठेवून घेतो.

मग हे आकडे ठरवले कुणी? आज तेच बघू. आणि आधीच सांगून ठेवतो, यातला जवळपास प्रत्येक आकडा दुसऱ्याच कुणाच्या तरी गरजेतून आलाय.

सुरुवात सालेकसाच्या शेजारापासून करू. दरेकसाचा बोगदा ओलांडून गाडी डोंगरगडकडे निघाली की छत्तीसगड लागतं. तेव्हा तो मध्य प्रदेश होता. १ ऑगस्ट १९७५ ते ३१ जुलै १९७६, असं एक वर्ष इस्रो आणि नासानं मिळून 'साइट' नावाचा प्रयोग केला. एटीएस-६ या अमेरिकी उपग्रहावरून सहा राज्यांतल्या सुमारे २,४०० गावांत टीव्ही दाखवला. त्यात रायपूर भागातली गावं होती. महाराष्ट्र त्या सहा राज्यांत नव्हता. मुंबई दूरदर्शन २ ऑक्टोबर १९७२ ला सुरू झालं होतं, पण ते टॉवरच्या पल्ल्यापुरतं. म्हणजे बघा, टीव्हीचा पडदा आधी डोंगरापलीकडच्या खेड्यांत पोचला.

त्या काळच्या आपल्या टीव्हीवर चित्र सेकंदाला ५० वेळा रंगवलं जायचं, एकदा एकाआड एक ओळी, मग उरलेल्या. ५० च का? कारण आपली वीज ५० हर्ट्झची. जुन्या टीव्हीत विजेचा आणि चित्राचा वेग जुळला नाही तर पडद्यावर पट्टे सरकताना दिसायचे. म्हणून टीव्हीचा वेगच विजेला बांधून टाकला. अमेरिकेत वीज ६० हर्ट्झची, म्हणून तिथला टीव्ही ६० चा. आता पीसी जन्मला अमेरिकेत. आयबीएमनं १९८७ मध्ये व्हीजीए आणलं, त्यातला ६४० बाय ४८० चा मोड ६० हर्ट्झवर चालायचा. आपल्या भिंतीतली वीज आजही ५० ची आणि टेबलावरचा साधा मॉनिटर ६० चा, त्याचं मूळ हे असं अमेरिकेच्या तारांत आहे.

पुढचा टप्पा तुमच्यापैकी अनेकांच्या ताई-दादांना आठवत असेल. २००१ नंतर एमएस-सीआयटी तालुक्यातालुक्यात पोचली. क्लासमधल्या टेबलांवर मागं मोठं पोट असलेले मॉनिटर. आत काचेची पिक्चर ट्यूब. त्यात चित्र रंगवलं की लगेच विझायला लागायचं, पुन्हा रंगवावं लागायचं. ६० वर ठेवलं तर पांढरं पान लुकलुकायचं आणि डोकं दुखायचं. सेटिंगमध्ये ८५ केलं की डोळ्याला बरं वाटायचं. म्हणजे जास्त हर्ट्झची पहिली गरज गेमसाठी नव्हती, डोळ्यांसाठी होती. मग एलसीडी आली. तिच्यात ठिपका पुढचा हुकूम येईपर्यंत तसाच धरून ठेवला जातो, लुकलुक नाही. त्यामुळे कंपन्या निवांतपणे परत ६० वर आल्या.

या ट्यूबवरून महाराष्ट्राची एक मोठी गोष्ट आहे. व्हिडिओकॉन. धूत कुटुंबाची कंपनी, औरंगाबादची, म्हणजे आजचं छत्रपती संभाजीनगर. १९८२ मध्ये आशियाई खेळांच्या निमित्तानं दूरदर्शन रंगीत झालं आणि त्या लाटेवर ऐंशीच्या दशकात ही कंपनी उभी राहिली. मराठवाड्यात जोडलेला टीव्ही देशभर विकला जायचा. मग २००५ मध्ये व्हिडिओकॉननं फ्रान्सच्या थॉमसन कंपनीचा पिक्चर ट्यूबचा धंदा विकत घेतला. इटली, पोलंड, मेक्सिको, चीन इथले कारखाने एका झटक्यात हातात आले. पण २००७ च्या शेवटच्या तिमाहीत जगात एलसीडी टीव्हीची विक्री ट्यूबच्या टीव्हीपेक्षा पहिल्यांदा पुढे गेली, आणि त्या कारखान्यांत जे बनत होतं ते कुणाला नकोसं झालं. कंपनीवर पुढे इतरही कर्जं चढली आणि २०१८ मध्ये ती दिवाळखोरीच्या प्रक्रियेत गेली. कारणं अनेक होती, पण ट्यूबवर लावलेला तो डाव लक्षात ठेवण्यासारखा आहे. माल स्वस्त मिळाला, पण तो आणखी किती वर्षं चालणार हा प्रश्न राहून गेला. आपल्या पंधरा हजारांनाही हाच प्रश्न लागू आहे.

आता आजच्या खोक्याकडे या. पहिला शब्द, पॅनेल. तीन नावं दिसतील. टीएनचं मूळ १९७० चं, आणि गंमत म्हणजे ते स्वित्झर्लंडच्या रोश या औषध कंपनीच्या प्रयोगशाळेतून आलं. वेगवान आणि स्वस्त, पण जरा बाजूनं बघितलं की रंग पालटतात. हे दुखणं दूर करायला जपानच्या हिताचीनं १९९६ मध्ये आयपीएस बाजारात आणलं. दोन वर्षांनी फुजित्सूनं व्हीएचा सुधारलेला प्रकार आणला, त्यात काळा रंग जास्त काळा. साधारण हिशोब असा: आयपीएसचा कॉन्ट्रास्ट १००० ला १, व्हीएचा ३००० ला १ च्या आसपास. पण स्वस्त व्हीएमध्ये अंधाऱ्या सीनमध्ये पळणाऱ्या माणसामागं काळपट शेपूट राहते. अभ्यास, गेम, सिनेमा सगळं एकावरच, आणि बाजूला भाऊ-बहीणही बसून बघणार, तर आयपीएस घ्या. रात्री दिवे बंद करून सिनेमेच जास्त बघणार असाल तर व्हीए. टीएन आता मागं पडलंय, नवीन घेताना सोडून द्या.

दुसरा आकडा, १०८०. हा आला एचडी टीव्हीकडून. १९२० बाय १०८० हे दिवाणखान्यात सात-आठ फुटांवरून बघायचं माप. आपण बसतो दोन-अडीच फुटांवर. म्हणून इंच आणि रिझोल्यूशन एकत्रच बघायचं. १०८० चा मॉनिटर २४ इंचाचा असेल तर एका इंचात साधारण ९२ ठिपके बसतात. तोच २७ इंचाचा घेतला तर ८२. ठिपके तेवढेच, फक्त ताणलेले. २७ इंचावर १४४० घेतलं तर १०९.

आणि इथं मराठी वाचणाऱ्याचं नुकसान इंग्रजी वाचणाऱ्यापेक्षा जास्त होतं. इंग्रजी अक्षर एका ओळीत बसतं. आपल्याला वर वेलांटी, मात्रा, अनुस्वार, खाली उकार, आणि मध्ये 'क्ष्म', 'र्त्स्य' असली जोडाक्षरं. पीसीच्या पडद्यावर देवनागरी आणायला आयआयटी कानपूरमध्ये सुरू झालेलं आणि पुढे पुण्याच्या सी-डॅकनं वाढवलेलं जिस्ट नावाचं वेगळं कार्डच लागायचं. आज कार्ड लागत नाही, पण ठिपके कमी पडले तर बारीक अक्षरातला अनुस्वार आणि मात्रा एकमेकांत मिसळतात. स्पर्धा परीक्षेच्या पीडीएफ वाचत रोज चार तास बसणाऱ्याला हे १८० हर्ट्झपेक्षा जास्त जाणवतं. म्हणून १०८० घेत असाल तर २४ इंचाच्या वर जाऊ नका. २७ हवाच असेल तर १४४० चा घ्या.

तिसरा आकडा, हर्ट्झ. ६० वर पुन्हा कसे वाढत गेलो? २००९ च्या आसपास थ्रीडी चष्म्यांची हवा होती. एका डोळ्याला ६०, दुसऱ्याला ६०, म्हणून १२० हर्ट्झचे मॉनिटर निघाले. चष्मे कपाटात गेले, पण गेम खेळणाऱ्यांच्या लक्षात आलं की चष्म्याशिवायही हालचाल जास्त साफ दिसते. २०१२ पर्यंत १४४ आलं. हिशोब करा: ६० हर्ट्झवर एक चित्र १६.७ मिलिसेकंद टिकतं, १०० वर १०, १४४ वर ६.९, १८० वर ५.६. म्हणजे ६० वरून १०० ला गेलात तर जवळपास ७ मिलिसेकंद वाचले, आणि १४४ वरून १८० ला गेलात तर दीडपेक्षाही कमी. पैसे मात्र तेवढ्यासाठीही मागतात.

शिवाय मॉनिटर चित्र बनवत नाही, फक्त दाखवतो. तुमचं ग्राफिक्स कार्ड गेममध्ये सेकंदाला ७० चित्रं देत असेल तर १८० चा मॉनिटर बाकीचा वेळ तेच चित्र पुन्हा दाखवणार. त्यापेक्षा अ‍ॅडॅप्टिव्ह सिंक आहे का ते बघा. फ्रीसिंक हे त्याचंच एक नाव. मॉनिटर कार्डाच्या वेगाशी जुळवून घेतो, चित्र फाटत नाही. मध्यम कार्ड असलेल्याला याचाच खरा उपयोग.

'१ एमएस' आणि 'एचडीआर' हे दोन शब्द वाचून पुढं सरका. १ एमएस बहुतेकदा अशा सेटिंगवर मोजलेलं असतं जे रोज कुणी वापरत नाही. आणि 'एचडीआर सपोर्ट'चा अर्थ या किमतीत इतकाच, की सिग्नल घेता येतो. खरा एचडीआर दाखवायला लागणारा उजेड त्या पॅनेलमध्ये नसतो.

बरं, मोबाईलवाल्यांसाठी एक गोष्ट. फोन थेट मॉनिटरला लावून खेळू असा विचार असेल, तर तुमच्या फोनच्या टाइप-सी पोर्टमधून व्हिडिओ बाहेर येतो का ते आधी तपासा. मधल्या किमतीच्या बऱ्याच फोनमध्ये येत नाही.

आता किमतीचं. १ जानेवारी २०१९ पासून ३२ इंचांपर्यंतच्या मॉनिटरवरचा जीएसटी २८ वरून १८ टक्के झाला. २२ सप्टेंबर २०२५ पासून मोठ्या मॉनिटरलाही १८ च. पण आतलं पॅनेल अजून बाहेरूनच येतं. ते आपल्याकडे, आणि तेही विदर्भात बनेल अशी एक आशा होती. २०१६ मध्ये नागपूरजवळ बुटीबोरीला एलसीडी पॅनेलचा हजारो कोटींचा कारखाना काढायची घोषणा ट्विनस्टार डिस्प्ले या कंपनीनं केली होती. तो उभा राहिला नाही. राहिला असता तर सालेकसातला एखादा बीटेक झालेला पोरगा आज हे पॅनेल बनवत असता. सध्या मात्र चीन, तैवान, कोरियातल्या मोजक्या कारखान्यांतली पॅनेल वेगवेगळ्या नावांच्या खोक्यांतून आपल्याकडे येतात. त्यामुळे नावाच्या रुबाबापेक्षा वॉरंटी बघा. सर्व्हिसवाला घरी येतो का, सालेकसाच्या पिनकोडवर येतो का, हे ऑर्डरच्या आधी फोन करून विचारा. वीस किलोमीटरवरचा माणूस दोन हजारांच्या सवलतीपेक्षा महाग पडत नाही.

तर थोडक्यात. दहा-बारा हजार असतील तर २४ इंच, १०८०, आयपीएस, १०० हर्ट्झ किंवा वर. वीसच्या जवळ असाल आणि कार्ड तेवढं तगडं असेल तर २७ इंच, १४४०, आयपीएस, १४४ च्या वर कितीही. कार्ड नसेल, वाचन जास्त असेल तरी २७ इंच १४४० चालेल, पण मग हर्ट्झसाठी जादा पैसे देऊ नका. वर-खाली होणारा स्टँड मिळाला तर उत्तम, मान वाचते. केबल डिस्प्लेपोर्टची वापरा. आणि घरी आणल्यावर विंडोजच्या डिस्प्ले सेटिंगमध्ये जाऊन हर्ट्झ स्वतः वाढवा, नाहीतर १४४ चे पैसे देऊन वर्षभर ६० वरच बसाल.

शेवटचं, आपल्या भागासाठी. सर्ज प्रोटेक्टर असलेला बोर्ड घ्या, जमलं तर छोटा यूपीएस. मृगाच्या आधी विजा कडाडायला लागल्या की प्लग काढून ठेवा. हा आकडा कुठल्याच खोक्यावर नसतो.

तुमचं कार्ड कोणतं, बजेट किती, टेबल किती खोल, एवढं लिहून पाठवा. पुढच्या भागात कीबोर्डचा इतिहास. भेटूच!