मानफ्रेड क्रुग: दोन जर्मनींचा एक नट

मंडळी, नटाच्या कारकिर्दीत इतिहास कसला शोधायचा, असं काहींना वाटेल. म्हणूनच आज आम्ही मानफ्रेड क्रुगचं नाव निवडलं. या माणसाच्या चेहऱ्यावर लोकांचा विश्वास होता आणि त्याच विश्वासाची एका सरकारला भीती वाटली.

जन्म १९३७चा, ड्यूसबुर्गचा, म्हणजे पश्चिमेकडचा. आईवडील वेगळे झाले आणि मुलगा वडिलांबरोबर पूर्व जर्मनीत आला. ब्रांडेनबुर्गच्या पोलाद कारखान्यात भट्टीवरचं काम शिकला. त्याच्या कपाळावरचा व्रण मेकअपचा नाही बरं का, उडालेल्या वितळत्या पोलादाचा आहे. कामगारांचं राज्य म्हणवणाऱ्या देशाला याहून अस्सल नट कुठे मिळणार? वर पठ्ठ्या जॅझही झकास गायचा.

१९६६ साली फ्रांक बायरच्या 'श्पूर डेअर श्टायने' या चित्रपटात त्याने बाला नावाचा सुतारांचा मुकादम केला. बाला कुणाचं ऐकत नाही, बांधकामाचा माल दांडगाईने मिळवतो, पण काम चोख करतो. पक्षाच्या माणसापेक्षा प्रेक्षकाला बालाच आवडणार, हे उघड होतं. थिएटरात गोंधळ घालायला माणसं धाडली गेली आणि थोड्याच दिवसांत चित्रपट उतरवला. तो पुन्हा पडद्यावर आला १९८९मध्ये, भिंत पडण्याच्या सुमारास.

नोव्हेंबर १९७६मध्ये गायक-कवी वोल्फ बीअरमान कोलोनला कार्यक्रमाला गेला असताना सरकारने त्याचं नागरिकत्वच काढून घेतलं. निषेधपत्रावर क्रुगने सही केली. २० नोव्हेंबरला त्याच्या पांकोमधल्या घरी लेखक-कलावंत जमले. समजूत घालायला पॉलिटब्यूरोचा वेर्नर लाम्बेर्त्स आला. आणि क्रुगने काय करावं? खोलीत टेपरेकॉर्डर लपवून ठेवला! जिथे सरकार लोकांच्या घरातलं बोलणं चोरून ऐकायचं, तिथे नटाने सरकारचं बोलणं टिपलं. आमच्या मते ही त्याची सर्वांत मोठी कामगिरी, कॅमेऱ्याशिवायची. वीस वर्षांनी, १९९६मध्ये, ते संभाषण 'आबगेहाउएन' या त्याच्या पुस्तकात छापून आलं.

सहीनंतर कामं आटली. एप्रिल १९७७मध्ये त्याने देश सोडण्याचा अर्ज केला आणि जूनमध्ये तो पश्चिम बर्लिनला गेला. चाळिशीत पुन्हा श्रीगणेशा! टीव्हीवर तो ट्रकचालक झाला, 'लीबलिंग क्रॉयत्सबेर्ग'मध्ये वकील झाला. ही मालिका युरेक बेकर या जुन्या मित्राने त्याच्यासाठी लिहिली. 'टाटओर्ट'मधला हॅम्बुर्गचा इन्स्पेक्टर श्टोएव्हर तर त्याने १९८४ ते २००१ केला. एकीकरणाआधीच दोन्हीकडच्या घरांत ओळखीचा असा चेहरा विरळाच.

हा विश्वास मग बाजारानेही वापरला. १९९६मध्ये डॉइच टेलेकॉमचे शेअर विक्रीला आले तेव्हा जाहिरातीत क्रुग होता. पुढे भाव कोसळले आणि लोकांनी कंपनीइतकीच त्याच्याही नावाने बोटं मोडली. २००७मध्ये त्याने त्या गुंतवणूकदारांची जाहीर माफी मागितली. ऑक्टोबर २०१६मध्ये तो बर्लिनमध्ये वारला.