वृद्ध हृदयरुग्णांमधील एंडोस्कोपीची सुरक्षितता

हृदयविकार असलेल्या वृद्ध व्यक्तींच्या अन्ननलिकेची, जठराची किंवा मोठ्या आतड्याची दुर्बिणीद्वारे तपासणी वा उपचार करताना विशेष दक्षता घ्यावी लागते. केवळ वय अधिक आहे म्हणून ही तपासणी निषिद्ध ठरत नाही. हृदयाची सद्यस्थिती, गुंगीचे औषध आणि रक्त पातळ करणारी औषधे यांवर धोका प्रामुख्याने अवलंबून असतो.

धोके

मिडाझोलम, प्रोपोफॉल यांसारख्या औषधांमुळे श्वसन मंदावू शकते व रक्तदाब घटू शकतो. वृद्धांमध्ये ही औषधे कमी मात्रेत व सावकाश दिली जातात. आतडे ताणले गेल्यास हृदयाचे ठोके मंदावू शकतात. त्यामुळे नाडी, रक्तदाब व रक्तातील ऑक्सिजनची पातळी यांवर सतत लक्ष ठेवले जाते. हृदयविकाराचा झटका नुकताच येऊन गेला असल्यास तातडीची नसलेली तपासणी पुढे ढकलतात. मात्र गंभीर रक्तस्राव होत असल्यास, रुग्णाची प्रकृती स्थिर करून ती करावी लागते.

औषधांचे नियोजन

निदानासाठीच्या तपासणीत, ऊतीचा नमुना घ्यायचा असला तरी, ॲस्पिरिन सामान्यतः चालू ठेवतात. पॉलिप काढण्यासारख्या प्रक्रियेपूर्वी वॉरफेरिन साधारणतः ५ दिवस, तर क्लोपिडोग्रेल ५ ते ७ दिवस थांबवले जाते. स्टेंट नुकताच बसवला असल्यास गोळ्या परस्पर बंद करणे घातक ठरते. स्टेंटमध्ये गुठळी होऊन झटका येऊ शकतो. म्हणून गोळी थांबवण्याचा व पुन्हा सुरू करण्याचा निर्णय हृदयरोगतज्ज्ञाच्या सल्ल्याने घेतला जातो. पेसमेकर असल्यास विद्युतदहनापूर्वी तशी सूचना देणे आवश्यक असते.

पूर्वतयारी

पोट साफ करण्यासाठी सोडियम फॉस्फेटऐवजी पॉलिएथिलीन ग्लायकॉल अधिक सुरक्षित मानले जाते.

हिंगोली जिल्ह्यातील संदर्भ

हिंगोली जिल्हा १ मे १९९९ रोजी परभणी जिल्ह्यातून वेगळा झाला. येथील शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाचे उद्घाटन ऑक्टोबर २०२४ मध्ये झाले. शेजारच्या नांदेड येथेही शासकीय वैद्यकीय महाविद्यालय व रुग्णालय आहे. सेनगाव, औंढा नागनाथ, कळमनुरी व वसमत तालुक्यांतील खेड्यांतून येणाऱ्या रुग्णासाठी तपासणीनंतरचा काळही महत्त्वाचा असतो. पॉलिप काढल्यानंतर सुमारे दोन आठवड्यांपर्यंत रक्तस्राव उद्भवू शकतो. त्यामुळे रुग्णासोबत नातेवाईक असणे, गोळ्या पुन्हा सुरू करण्याची तारीख लेखी घेणे आणि काळी शौच, चक्कर वा छातीत दुखणे जाणवताच जवळचे रुग्णालय गाठणे आवश्यक ठरते.