वाद, जल्प आणि वितंडा

आज मराठीत ‘वाद’ म्हटला की भांडणच डोळ्यांपुढे येते. हद्दीचा वाद, भाऊबंदकीचा वाद, वादाला तोंड फुटणे हे आपले नेहमीचे प्रयोग. न्यायशास्त्रात मात्र या शब्दाला फार मोठा मान होता. गौतमाच्या न्यायसूत्रांत ज्या सोळा पदार्थांचे ज्ञान आवश्यक मानले आहे, त्यांत वाद, जल्प व वितंडा हे चर्चेचे तीन प्रकार स्वतंत्रपणे गणले आहेत.

प्रमाण व तर्क यांच्या आधारे, उभय पक्ष मांडून, सत्यनिर्णयासाठी केलेली चर्चा तो वाद. जल्पातही दोन पक्ष असतात. परंतु तेथे लक्ष्य विजयाचे, म्हणून छलही चालतो. वितंडा करणारा स्वतःचा पक्ष मांडीतच नाही. समोरच्याचे मत पाडणे एवढेच त्याचे काम. शास्त्रकारांनी कटाक्षाने वेगळ्या ठेवलेल्या या दोन गोष्टी मराठीने ‘वितंडवाद’ या एका शब्दात बांधून टाकल्या!

छल म्हणजे काय, हे भाष्यकार वात्स्यायनाने एका उदाहरणाने दाखविले आहे. नवी घोंगडी पांघरलेल्या मुलाला कोणी ‘नवकंबल’ म्हणतो. प्रतिवादी लगेच विचारतो, ‘याच्याजवळ नऊ घोंगड्या आहेत कोठे?’ संस्कृतात ‘नव’ म्हणजे नवा आणि नऊही. बोलणाऱ्याचा अभिप्राय डावलून शब्दावर अडविण्याचा हा प्रकार आजच्या सभांतूनही अपरिचित नाही.

गौतमाने जल्प व वितंडा सर्वस्वी त्याज्य ठरविल्या नाहीत. कोवळ्या रोपाभोवती काटेरी कुंपण घालावे, तसा निश्चित झालेल्या तत्त्वाच्या रक्षणापुरता त्यांचा उपयोग त्याने मान्य केला. पण कुंपण म्हणजे पीक नव्हे. चरकसंहितेच्या विमानस्थानातही वैद्यांसाठी असाच भेद आहे: स्नेहभावाची ‘संधायसंभाषा’ आणि विरोधाची ‘विगृह्यसंभाषा’. पहिल्या प्रकारात मनुष्याने निःशंकपणे विचारावे, पराभवाचे भय बाळगू नये, असे तेथे सांगितले आहे.

अशा संज्ञांचे नेमके अर्थ भीमाचार्य झळकीकरांनी आपल्या ‘न्यायकोशा’त संगृहीत केले. त्याची पहिली आवृत्ती 1874 साली निघाली. वासुदेवशास्त्री अभ्यंकरांनी संशोधिलेली आवृत्ती 1928 साली पुण्यात भांडारकर संस्थेने प्रसिद्ध केली.

ग्रंथालयात परस्परविरोधी मतांचे ग्रंथ एकाच कपाटात नांदतात. ते वाचून होणारी चर्चा वाद ठरावी की वितंडा, हे वाचकाच्या हाती आहे. प्रतिपक्षाचे म्हणणे त्याला मान्य होईल अशा शब्दांत आधी मांडता येणे, ही त्याची पहिली कसोटी होय.