मेनिएर आजार: चक्कर, कमी ऐकू येणे आणि संशोधन काय सांगते?

चक्कर येते म्हणून दवाखान्यात आलेले अनेक रुग्ण सोबत गोळ्यांची रिकामी पाकिटे घेऊन येतात. कोणी बीपी, कोणी पित्त, तर कोणी मानेचे दुखणे समजून वर्षानुवर्षे तीच गोळी घेत असतो. 'एका कानाने कमी ऐकू येते का?' हे मात्र कोणी विचारलेले नसते. मेनिएर आजारात हाच प्रश्न महत्त्वाचा असतो.

हा आजार कसा ओळखावा?

यात चार तक्रारी एकत्र दिसतात: आजूबाजूचे सगळे गरगर फिरते आहे असे वाटणारी चक्कर, एका कानाने कमी ऐकू येणे, त्याच कानात घूं-घूं आवाज आणि कानाला दडे बसल्यासारखे वाटणे. सोबत मळमळ किंवा उलटी होते. सुरुवातीच्या काळात दोन झटक्यांच्या मधल्या दिवसांत बरे वाटते.

2015 साली ठरलेल्या आंतरराष्ट्रीय निकषांनुसार निश्चित निदानासाठी 20 मिनिटे ते 12 तास टिकणारे किमान दोन झटके आणि ऑडिओमेट्रीत, म्हणजे श्रवण तपासणीत, खालच्या-मधल्या पट्टीतले आवाज कमी ऐकू येत असल्याची नोंद लागते. कानाच्या तक्रारी कमी-जास्त होत असाव्या लागतात आणि हे सगळे दुसऱ्या आजाराने होत नाही याची खात्री करावी लागते. कूस बदलताना एक मिनिटापेक्षा कमी काळ येणारी चक्कर बहुधा वेगळ्या कारणाची असते आणि तिचा उपचारही वेगळा असतो.

कानात नेमके काय होते?

1861 मध्ये पॅरिसच्या प्रॉस्पर मेनिएर या डॉक्टरांनी अशी चक्कर मेंदूतून नव्हे, तर आतल्या कानातून येऊ शकते असे मांडले. त्या काळी ती मेंदूचा विकार समजली जात असे. 1938 मध्ये लंडन आणि जपानमधील संशोधकांनी स्वतंत्रपणे मृत रुग्णांच्या कानाची हाडे तपासली. आतल्या कानातील एका नाजूक नळीत द्रव साठून ती फुगलेली आढळली.

मात्र अशी फुगवट असूनही आयुष्यात कधी चक्कर न आलेले लोकही नंतर सापडले. म्हणजे फक्त द्रव साठणे हे पूर्ण कारण नाही. मूळ कारण अजून निश्चित झालेले नाही, त्यामुळे आजार मुळापासून घालवणारे औषधही नाही.

उपचारांवरचे संशोधन

या आजाराचे झटके काही काळ वारंवार येतात आणि मग आपोआप कमी होतात. म्हणून 'गोळी घेतली आणि बरे वाटले' एवढ्यावरून गोळीचा गुण सिद्ध होत नाही. त्यासाठी औषध आणि औषध नसलेली गोळी यांची तुलना करावी लागते.

*बीटाहिस्टीन:* चक्करसाठी सर्वांत जास्त दिली जाणारी ही गोळी. जर्मनीत 221 रुग्णांवर 9 महिने चाचणी झाली आणि 2016 मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध झाले. कमी मात्रा, जास्त मात्रा आणि औषध नसलेली गोळी, तिन्ही गटांत झटके सारख्याच प्रमाणात कमी झाले. तुमची गोळी चालू असेल तर परस्पर बंद करू नका, पण 'मला ही अजून हवी का?' असे डॉक्टरांना जरूर विचारा.

*कानातील इंजेक्शन:* 2016 मध्येच ब्रिटनमधील 60 रुग्णांच्या अभ्यासात पडद्यामागे जेंटामायसिन किंवा स्टिरॉइड दिले गेले. दोन वर्षांनंतर झटके अनुक्रमे 87 आणि 90 टक्क्यांनी कमी झालेले दिसले. जेंटामायसिन तोल सांभाळणाऱ्या पेशी निकामी करते आणि त्याने श्रवणशक्तीही जाऊ शकते. त्यामुळे अनेक तज्ज्ञ आधी स्टिरॉइडचा विचार करतात. मात्र या अभ्यासात औषधाविना गट नव्हता, हेही लक्षात ठेवा.

*शस्त्रक्रिया:* 1981 मध्ये डेन्मार्कमध्ये 30 रुग्णांपैकी काहींवर खरी, तर काहींवर नुसती दिखाऊ शस्त्रक्रिया झाली. दोन्ही गटांतील बहुतेकांना बरे वाटले. या निष्कर्षावर पुढे वादही झाले. तरीही शस्त्रक्रियेचा निर्णय घाईने घेऊ नये.

*आहार:* मीठ कमी केल्याने झटके थांबतात असा ठोस पुरावा नाही. पापड, लोणचे, फरसाण कमी करून पाहण्यात सहसा तोटा नाही.

तुम्ही काय कराल?

- झटक्यांची वही ठेवा: तारीख, किती वेळ टिकला, कोणता कान, काय ऐकू येत होते.
- कान-नाक-घसा तज्ज्ञांकडून ऑडिओमेट्री करून घ्या आणि जुने रिपोर्ट जपून ठेवा. एका कानाचे श्रवण कमी असेल तर कानाच्या नसेवरील गाठ नाही ना, हे पाहण्यासाठी एमआरआय लागू शकतो.
- झटका आल्यास लगेच बसा किंवा आडवे व्हा. गाडी चालवू नका, शिडीवर चढू नका. उलटी-चक्कर थांबवणारी गोळी झटक्यापुरतीच घ्या, रोज नको.
- ऐकणे कायमचे कमी झाले तर श्रवणयंत्राचा विचार लांबवू नका.

ताबडतोब रुग्णालयात कधी जावे?

चक्करसोबत बोलणे अडखळणे, तोंड वाकडे होणे, हात-पाय लुळे पडणे, एकाच्या दोन वस्तू दिसणे, अचानक तीव्र डोकेदुखी किंवा अजिबात उभे राहता न येणे ही पक्षाघाताची लक्षणे असू शकतात. घरी वाट पाहू नका. एका कानाने अचानक ऐकू येईनासे झाले, तर चक्कर नसली तरी त्याच दिवशी किंवा दुसऱ्या दिवशी तज्ज्ञांना दाखवा. उपचार लवकर सुरू झाला तर ऐकणे परत येण्याची शक्यता जास्त असते.

बहुतेक रुग्णांचे चक्करचे झटके काही वर्षांत कमी होतात. गेलेले ऐकणे मात्र अनेकदा परत येत नाही. म्हणून चक्कर थांबली तरी कानाची तपासणी चालू ठेवा.