रक्षणाच्या सभेत बाई कुठे?

जुलै १९४२ मध्ये नागपूरला अखिल भारतीय दलित वर्ग परिषद भरली. त्याच मुक्कामी २० जुलैला सुलोचनाबाई डोंगरे यांच्या अध्यक्षतेखाली दलित महिला परिषद झाली. समता सैनिक दलाचीही परिषद झाली. दलाची लाठी रक्षणाच्या इतिहासात गेली. महिलांचे ठराव मात्र ‘स्त्रियांचे प्रश्न’ या गाठोड्यात बांधले गेले. ‘आम्हीही इतिहास घडवला’ या ग्रंथात ऊर्मिला पवार आणि मीनाक्षी मून यांनी हे गाठोडे १९८९ साली सोडले.

ते ठराव पुन्हा वाचावेत. गिरणीतल्या स्त्री कामगारांवर पुरुषाऐवजी बाईची देखरेख हवी, असे त्यांत आहे. कायदेमंडळात नि स्थानिक संस्थांत स्त्रियांना जागा हव्यात, असेही आहे. पहिली मागणी सुरक्षिततेची. दुसरी, सुरक्षितता म्हणजे काय हे जिथे ठरते तिथे बसण्याची. शांतता व सुरक्षेच्या निर्णयांत स्त्रियांना स्थान द्या, असा १३२५ क्रमांकाचा ठराव करायला संयुक्त राष्ट्रांच्या सुरक्षा परिषदेला २००० साल उजाडले. आपल्या बाया ५८ वर्षे आधी बोलल्या होत्या.

आमच्या वस्तीचा पत्ता आजही ‘कॅम्प दोन’ असाच सांगतात. महायुद्धातली ही लष्करी छावणी. फाळणीनंतर तिच्या बराकींत सिंधी निर्वासित आले. २९ सप्टेंबर २००६ रोजी खैरलांजीत सुरेखा भोतमांगे आणि त्यांच्या तीन मुलांची हत्या झाली. त्याआधी एका मारहाणीच्या प्रकरणात सुरेखाबाईंनी हल्लेखोरांविरुद्ध साक्ष दिली होती. म्हणजे कायद्याच्या रक्षणाचे काम बाईने केले. तिच्या रक्षणाचे काम कोणी केले नाही. कानपूरच्या पुतळा-विटंबनेनंतर ३० नोव्हेंबरला उल्हासनगरजवळ डेक्कन क्वीनचे डबे पेटले. तो संताप कुठून आला हे आपण जाणतो. पण डबे पेटले म्हणून साक्षीदार बाई सुरक्षित होत नाही, हेही जाणले पाहिजे.

अत्याचार प्रतिबंधक कायद्याच्या १९९५ च्या नियमांनी जिल्हा दक्षता समिती घालून दिली. तीत जिल्हाधिकारी, खासदार, आमदार, पोलीस अधीक्षक आणि अनुसूचित जाती-जमातींचे अशासकीय सदस्य बसतात. या अशासकीय जागांसाठी नावे सुचवताना आपण किती बायांची नावे पुढे करतो? सरकारला जाब विचारण्याआधी हा प्रश्न आपल्या संघटनांनी स्वतःला विचारावा. मोर्चात बाई पुढे आणि बैठकीत दाराबाहेर, ही रीत मनूची आहे; नागपूरच्या ठरावांची नव्हे.